मधला तुकडा

हात स्टुडिओच्या फाटकाच्या कडीवर होता आणि पुढच्याच क्षणी मी घराच्या जिन्यात होते. मधलं सगळं गायब. स्टुडिओपासून घरापर्यंत चांगला लांब रस्ता आहे. वाटेत पूल आहे, औषधांचं दुकान आहे, रोज माझ्या बुटांकडे आशेने बघणारा बूटदुरुस्तीवाला आहे. यातलं काहीएक मला आठवेना. पूल ओलांडला असणारच, उडत तर आले नाही. पण पायांनी काय केलं ते पायांनाच ठाऊक. कठडा धरून तशीच उभी राहिले आणि मग लक्षात आलं की छत्रीही नाही. कडी उघडताना ती डाव्या काखेत होती, हे मला पक्कं आठवत होतं, कारण तिची दांडी बरगडीत टोचली होती. फाटकापाशी छत्री आहे, जिन्यात छत्री नाही. माझ्या धंद्यात याला घोडचूक म्हणतात. दुसऱ्या कुणाच्या हातून झाली असती तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

वर दार उघडंच होतं आणि दारात ताई. माझी ही थोरली बहीण मी चार वेळा घंटा वाजवते तेव्हा कधी जागची हलत नाही, पण ती समोर नको असते तेव्हा हमखास दारात उभी. "छत्री कुठंय?" माझं पाऊल आत पडायच्या आधीच. मी म्हटलं, राहिली. "राहिली म्हणजे? कुठे राहिली? सकाळी मी स्वतः तुझ्या हातात दिली, तू म्हणालीस आभाळ स्वच्छ आहे, मी म्हटलं आभाळाचा काय भरवसा, मग तू तोंड वाकडं करून—" "ताई, राहिली म्हणजे राहिली. संपलं." "असं कसं संपलं? नीट सांग. पहिल्यापासून सांग." आणि माझ्या हातातली पिशवी घेता घेता, अगदी सहज विचारल्यासारखं, आवाज जरा खाली आणून: "बरं, माझा तुकडा आहे ना गं?" मी म्हटलं, आहे. तो नव्हता. दुपारीच काढला होता, आणि मीच काढला होता.

मी चित्रपट कापते आणि जोडते. लोकांना वाटतं चित्रपट दिग्दर्शक करतो. वाटू दे बापडे. दिग्दर्शक हातवारे करतो, घसा बसेपर्यंत ओरडतो, एकच गोष्ट दहा ठिकाणांहून घेऊन ठेवतो आणि पुढच्या चित्रपटाकडे पळतो. मग तो सगळा पसारा माझ्या खोलीत येतो. खोली म्हणजे बिनखिडकीचा डबा. काचेखाली दिवा असलेलं टेबल, भिंतीलगत खिळ्यांची दांडी, तिला लटकणारे फिल्मचे तुकडे, त्यांची टोकं जमिनीला लागू नयेत म्हणून खाली कापडाची पेटी, आणि डिंकाहून वाईट असा त्या चिकटवायच्या रसायनाचा वास, जो माझ्या केसांतून आता मेल्यावरच जाईल. शेजारच्या टेबलावर जोडणारी बसते. वर्षानुवर्षं शेजारी बसूनही तिच्या तोंडून मी फारतर हो आणि नाही एवढंच ऐकलंय. ब्लेडने फिल्मचं टोक खरवडायचं, थेंब लावायचा, दाबायचं, पुढचं. आमच्यात धर्म एकच: सांधा दिसता कामा नये. माणूस दाराच्या मुठीकडे हात नेतो आणि आपण खोलीच्या आतून त्याला येताना बघतो. मूठ कधी फिरली, दार कधी ढकललं, कोणी विचारत नाही. बसणाऱ्याला बसता बसता कापायचं, म्हणजे लोक बसण्याकडे बघतात, कापण्याकडे नाही. कोणी मान वळवली की तो काय बघतोय ते लगेच दाखवायचं, ताटकळत ठेवायचं नाही. बाहेर चित्रीकरणाच्या एका मांडवात चोरांची गोष्ट चाललेली असते, दुसऱ्यात पोरक्या मुलांची, तिसऱ्यात गाणाऱ्या राजकन्येची. माझ्या टेबलावर सगळ्यांना शिवण एकच. मालक, म्हणजे ज्यांचा हा अख्खा स्टुडिओ, ते म्हणतात, लोकांना विचार करायला वेळ दिलात की ते तिकिटाच्या पैशांचा विचार करतात. हा माणूस मूर्ख आहे असं म्हणून मोकळं होता आलं असतं तर किती बरं झालं असतं, पण नाही, त्याला कळतं. तीच तर पंचाईत आहे.

आणि घरी ही ताई. देवाने हिला सांधा दिलाच नाही. हिला दुकानात काय झालं विचारा, ही घरातून निघण्यापासून सुरुवात करणार. कुलूप आधी लागेना, मग लागलं, जिन्यात वरच्या मजल्यावरची शिक्षिका भेटली, ती कशी वाळलीय, तिच्या भाच्याचं काय बिनसलं. नमनालाच घडाभर तेल. आपण म्हणायचं, "ताई, मुद्द्यावर ये", ती म्हणणार, "तेच तर सांगतेय", आणि पुन्हा कुलपापासून सुरू. सगळं मधलंच. माझा निम्मा जन्म हिची वाक्यं मनातल्या मनात कापण्यात गेला. मी लहान होते तेव्हा माझे डोळे आले, इतके वाईट आले की डॉक्टरांनी पट्ट्या बांधून मला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. आई आधीच गेलेली. बाबा कामावर. ताई, तेव्हा तीही काही मोठी नव्हती, माझ्यासाठी म्हणून चित्रपट बघून यायची आणि मला सांगायची. म्हणजे कसं, तर तिकिटाच्या रांगेपासून. पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या कोटाला बटण कसं नव्हतं, शेजारचा कसा खोकत होता, पडदा कसा कुरकुरत वर गेला. नायिका पहिल्यांदा दारात येईपर्यंत पहिली संध्याकाळ संपायची. मी पट्ट्यांखाली चिडून रडायचे, पुढे काय झालं सांग, ती माझ्या तळव्यावर बोटाने रस्ता काढून दाखवायची, हे त्याचं घर, हे तिचं, मधे हा पूल. एक चित्रपट तीन संध्याकाळी पुरायचा. पुढे केव्हातरी मोठेपणी तोच चित्रपट मी खरोखर पाहिला तर तो केवढासा निघाला! पूल नव्हताच. खोकणारा माणूस नव्हता. मी चिडून बाहेर आले होते, ताईवर नाही, चित्रपटावर, आणि मग या चिडण्याचीही चीड आली.

हिने आयुष्यभर एका दुकानात बटणं विकली. म्हातारपणी माझ्याकडे राहायला आली आणि एक दिवस मला न सांगता स्टुडिओच्या फाटकाबाहेर चित्रपटात गर्दीची कामं करणाऱ्या माणसांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मला शपथ घातली, बहीण आहे हे कोणाला सांगायचं नाही, वशिल्याने आली म्हणतील. वशिला! बाजारात भाजी घेणारी बाई, लग्नातली बाई, जळत्या घरापुढे धावणारी बाई, सगळीकडे हिची पाठ. माझ्या टेबलावरून हिच्या पाठी इतक्या गेल्या की आंधळेपणीसुद्धा ओळखीन. आणि मग या चित्रपटात हिला चेहरा मिळाला. एक शेजारीण. नायक गाव सोडून निघालाय, दारात प्रेयसीचा निरोप घेतोय, हातात हॅट फिरवतोय. पाठीमागे जिन्याच्या तोंडाशी ही शेजारीण, जिने त्याला लहानाचा मोठा केला. तिचा एकदा जवळून चेहरा. मग तो रस्त्यावर, हॅट डोक्यावर, पाठमोरा. झालं. एका चेहऱ्यासाठी ताईने अख्ख्या इमारतीला रविवारच्या दुपारच्या खेळाचं आमंत्रण देऊन टाकलं होतं. शिक्षिका, खालचा शिंपी, शिंप्याची सासू. "म्हटलं एकदा तरी समोरून बघू देत," ती म्हणाली होती. हे वाक्य तिने चक्क एका दमात, कुलूपबिलूप न लावता म्हटलं, म्हणून ते माझ्या डोक्यात रुतून बसलं.

छत्री हरवली त्या दुपारी मालक आले, उभ्यानेच रीळ बघितलं. "ही बाई कोण?" मी म्हटलं, शेजारीण. "ते कळलं हो. पण मी तिच्याकडे का बघायचं? गोष्ट पोराची आहे. तो निघाला, त्याला निघू द्या. आणि रडतेय बघा कशी, नाटकातल्यासारखी. काढा ते. उद्या पुन्हा बघतो." मी रीळ उलटं फिरवायला घेतलं. कारण त्यांचं खरं होतं. ताईने डोळे मोठे केले होते, खालचा ओठ थरथरवला होता, भुवया पार कपाळात नेल्या होत्या. दुसऱ्या कोणाचा चेहरा असता तर मीच पहिल्या दिवशी उडवला असता. एक दुसरा टेक होता, त्यात नायक बोलता बोलताच हॅट डोक्यावर ठेवतो. तो लावला की चेहऱ्याची गरजच नाही, दारातून थेट रस्ता. लावला. जोडणारीने सांधा केला. यंत्रावर चालवून बघितलं, आणि मला सांधा सापडेना! पुन्हा चालवलं. ताई कुठे होती तेच कळेना. इतकं सुरेख झालं होतं. इतक्या वर्षांत एवढा चांगला सांधा माझ्या हातून झाला नसेल, आणि मला भडभडून आलं, आणि मी कोट चढवला, छत्री काखेत मारली, फाटकाच्या कडीला हात घातला. पुढचं ठाऊक आहे.

"फाटकापाशी होती म्हणतेस," ताई टेबलावर बशा मांडत म्हणाली. छत्री अजून संपली नव्हती. "मग पुलावर होती का? पुलावर वारा असतो, वाऱ्यात तू काखेतली छत्री हातात घेतेस. घेतलीस का हातात?" मी म्हटलं, मला आठवत नाही, मला पूलच आठवत नाही, आणि एका जुन्या छत्रीसाठी माझा जीव नको खाऊस. "छत्रीचं नाही गं, बारके." पन्नाशी उलटली तरी मी हिची बारकीच. "एक गोष्ट इथे आहे आणि तिथे नाही, मग मधे काहीतरी झालं असणारच ना? मला नुसतं मधलं सांग. त्याशिवाय मला झोप नाही यायची." मी बशीतला बटाटा उगाच चिरत बसले होते, आणि माझा हात थांबला. इथे आहे, तिथे नाही. हॅट हातात आहे, हॅट डोक्यावर आहे. ताईच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा मुद्दा बाहेर पडला होता आणि त्या बाईला त्याचा पत्ताही नव्हता. ती छत्रीवरून बाबांच्या छत्रीवर गेली होती.

सकाळी मी काय केलं ते कोणत्याही शहाण्या संकलकाने केलं नसतं. सुरेख झालेला सांधा उकलला. हॅट डोक्यावर ठेवायचा टेक काढून घेतला आणि जुना परत लावला, ज्यात ती शेवटपर्यंत हातात आहे. मधे चेहरा नाही. दारात हॅट हातात, आणि झटकन रस्त्यावर डोक्यावर. नवशिक्याने केलं असतं तर त्याला दाराबाहेर काढला असता असला गलथान सांधा मी स्वतःच्या देखरेखीखाली करून घेतला. जोडणारीने ब्लेड हातात धरून माझ्याकडे बघितलं. "हो," मी म्हटलं, "असाच." तिने केला. मग मी ताईच्या शॉटचं उरलेलं रीळ काढलं, कारण तो भुवयांचा चेहरा परत घालायची माझी छाती नव्हती. आम्ही ज्याला शॉट म्हणतो त्याच्या पुढेमागे बरंच काही असतं. दिग्दर्शक कट म्हणतो तरी कॅमेरा थांबेपर्यंत फिल्म धावत असते. ते कोणी बघत नाही. मी बघायला लागले. भुवया, ओठ, डोळे, सगळं आपल्या जागी जीव तोडून रडतंय. मग कट. आणि ताईचा चेहरा एकदम सुटला. भुवया खाली आल्या, ओठ मिटले, आणि तिने नजर जराशी बाजूला वळवली आणि कुणाला तरी शोधलं. सापडल्यावर तशीच बघत राहिली, काही न मागता, पण उत्तराची वाट बघत. मी यंत्र थांबवलं. तिच्या चित्रीकरणाच्या दिवशी मी मांडवात गेले होते, पाच मिनिटं, दिव्याच्या खांबामागे चोरासारखी उभी होते. ती माझ्याकडे बघत होती. असं तिने याआधी एकदाच बघितलं होतं, माझ्या पट्ट्या सोडल्या तेव्हा, मला दिसतंय का हे विचारायचा धीर न होऊन. मला तेव्हा काही दिसत नव्हतं, नुसता पांढरा उजेड, आणि त्या उजेडात हळूहळू हा चेहरा. मी मेणाच्या पेन्सिलीने खूण केली. मला माझा राग आला, ताईचा आला, मालकांचा आला, त्या नायकाचा आला, ज्याला एक हॅट धड सांभाळता येत नव्हती म्हणून सगळं जमणार होतं.

मालक आले. बघितलं. "अहो, ही हॅट उडून डोक्यावर कशी बसली?" मी म्हटलं, हो ना, दिसतंय खरं. "दिसतंय काय? डोळ्यात खुपतंय! दुसरा टेक नाही?" त्या क्षणी तो टेक गुंडाळी करून माझ्या कोटाच्या खिशात होता. मी म्हटलं, नाही. ही खोली, हे टेबल, हा दळभद्री वास, सगळं त्या एका नाहीवर टांगलेलं होतं. खोटं उघडं पडलं असतं तर संध्याकाळपर्यंत मी फाटकाबाहेर. मालक जोडणारीकडे वळले. "नाही दुसरा?" जोडणारीने ब्लेडवरून नजर काढली नाही. "नाही," ती म्हणाली. तिच्या त्या दोन शब्दांच्या भांडवलातला एक तिने माझ्यासाठी खर्च केला. "मग पुन्हा घ्या." मांडव मोडला, मी म्हटलं, तिथे राजकन्येचा महाल उभा राहिलाय. "मग मधे काहीतरी टाका हो! तेवढ्यात त्याने हॅट घातली असेल असं लोक समजून घेतात." टाकायला काही नाही, मी म्हटलं, त्या शेजारणीच्या चेहऱ्याशिवाय. तुम्ही काढायला सांगितलेला. मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ती रडकी?" रडण्याआधीचा की नंतरचा कसलासा तुकडा आहे, मी म्हटलं, त्यात रडत नाही. बघितला. पुन्हा बघितला. "हे आधी का नाही लावलंत?" ते माझ्यावर खेकसले. "माझं डोकं खाता तुम्ही लोक. लावा हेच." आणि गेले. मी जोडणारीला म्हटलं, उपकार झाले. तिने मान हलवली आणि पुढचं टोक खरवडायला घेतलं.

रविवार दुपार. थिएटर गच्च. आम्ही एका रांगेत. शिंपी, त्याची सासू, शिक्षिका, तिच्या शेजारी ताई, ताईशेजारी मी. ताईने सकाळपासून केस तीनदा विंचरले होते. तिचा हात माझ्या हातात, घामाने चिकट. पहिली तीन रिळं ती श्वास रोखून बसली. मग नायकाने पेटी भरायला घेतली आणि ती शिक्षिकेच्या कानाशी झुकली. "आता येईल हं. त्या दिवशी काय झालं माहितीय का, आम्हाला सकाळीच बोलावलं होतं, मी निघाले तर कुलूप—" मी तिचा हात दाबला. "ताई." "थांब गं. तर कुलूप लागेना, मग लागलं, तिथे गेले तर तो रंगवणारा म्हणतो—" नायक दारात आला. हॅट फिरवू लागला. "ताई, समोर बघ." "बघतेय ना, अजून तो बोलतोय. तर तो रंगवणारा म्हणतो, मावशी, नाक—" मी तिला कोपर मारलं, चिमटा काढला, शेवटी "ताई!" असं ओरडलेच, मागून कोणीतरी श्शू केलं, आणि ताई मोठ्या दुखावल्या चेहऱ्याने माझ्याकडे वळली, "काय गं अशी वागतेस चारचौघांत?" आणि तिच्या डोक्यामागे, भिंतीएवढी, ताई होती. बाजूला नजर वळवून, वाट बघत. थिएटरमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. शिंप्याच्या सासूने नाक ओढलं. मग रस्ता आला, पाठमोरा नायक, डोक्यावर हॅट. ताई पडद्याकडे वळली. "हं," ती म्हणाली, "आता येईल."

मी कपाळावर हात मारून घेतला. खरोखरच मारला, आवाज झाला. खेळ सुटल्यावर शिक्षिका डोळे पुसत म्हणाली, "रडवलंत हो तुम्ही आम्हाला," शिंपी म्हणाला, मानलं, आणि ताई "हो का, हो का" करत सगळ्यांकडे गोंधळून हसत राहिली. पुलावर आल्यावर तिने माझी बाही धरली. "बारके, आले मी?" आलीस. "कधी?" मी काय सांगणार कधी! मी म्हटलं, एवढा आटापिटा केला, नोकरी पणाला लावली, आणि तू रंगवणाऱ्याच्या गोष्टी सांगत बसलीस, तुझ्यापुढे कोणी हात टेकावेत. "उद्या बघीन गं," ती म्हणाली, "पळून का जातोय तो. पण बरी होते का? फार रडले का? तो दिव्याचा खांब दिसत नाही ना? त्याच्यावर खडूने फुली मारली होती, दिग्दर्शक म्हणाला ही फुली म्हणजे तुमचा पोरगा, हिच्याकडे बघून रडा."

"खांबाकडे नव्हतीस बघत," मी म्हटलं. "माझ्याकडे बघत होतीस."

ती थांबली. पुलावर वारा होता, तिचे तीनदा विंचरलेले केस सगळे उडाले होते. "कट म्हटल्यावरचं?" हो. "पण तेव्हा मी काहीच करत नव्हते गं," ती म्हणाली, आणि मग कितीतरी वेळ काही म्हणाली नाही. माझ्या आठवणीत ताई अशी गप्प राहिलेली नाही. मला ते सहन होईना. तिने कठड्यावरचा हात उचलला, माझा तळवा उलटा करून आपल्या हातात घेतला. "कसं झालं हे? पहिल्यापासून सांग."

"त्या दिवशी छत्री हरवली ना—"

"छत्रीचं काय आता मधेच? चेहऱ्याचं सांग."

"ताई, तू मधे बोलू नकोस," मी म्हटलं. "ते छत्रीपासूनच सुरू होतं."